मोटारीचा आवाज आणि शेजाऱ्याची झोप

कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक नावाचे एक उपनगर आहे. त्याचे अधिकृत नाव बिधाननगर. एके काळी तेथे खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल होती. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात हुगळी नदीतील गाळ नळांवाटे वाहून आणून ही दलदल भरून काढण्यात आली आणि त्या भरावावर नवे नगर वसविण्यात आले. नगराचा आराखडा युगोस्लाव्हियाचे नगररचनाकार डोब्रिव्होये तोश्कोविच यांनी तयार केला होता. जुन्या कोलकात्याची गर्दी आणि गोंगाट यांपासून दूर, मोकळ्या हवेत माणसांनी राहावे, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी वस्तीचे लहान लहान विभाग केले गेले, प्रत्येक विभागाला उद्यान दिले गेले आणि वाहतुकीचे मोठे रस्ते घरांच्या गल्ल्यांपासून वेगळे ठेवण्यात आले. शांतता ही या नगराला योगायोगाने लाभलेली गोष्ट नव्हे. ती विचारपूर्वक आखलेली होती.

याच सॉल्ट लेकमध्ये, तिसऱ्या सेक्टरमधील 'परिवेश भवन' या इमारतीत, पश्चिम बंगाल प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय आहे. मोटारीने किती आवाज करावा आणि रात्री वस्तीत किती शांतता असावी, या प्रश्नांशी ज्या कार्यालयाचा निकटचा संबंध आहे, ते येथेच आहे. आणि येथूनच जवळ, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी गजबजलेल्या पाचव्या सेक्टरपासून न्यू टाउनपर्यंत, रुंद आणि सरळ रस्ते पसरलेले आहेत. दिवसा हे रस्ते वाहनांनी भरलेले असतात, रात्री मोकळे होतात. मोकळा रस्ता, वेगवान मोटार आणि तरुण रक्त हे तिन्ही एकत्र आले की, मोटारीचा मूळ सायलेन्सर काढून त्या जागी मोठ्या आवाजाचा दुसरा बसविण्याचा मोह निर्माण होतो. ही हौस एकट्या कोलकात्याची नाही. आपल्या पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात बुलेट मोटारसायकलीला बसविलेल्या 'फटाका सायलेन्सर'चा कडकडाट आपण सर्वांनी ऐकलेला आहे. म्हणून सॉल्ट लेकच्या निमित्ताने या हौसेचा शांतपणे विचार करणे योग्य ठरेल.

प्रथम सायलेन्सर म्हणजे काय, हे समजून घेऊ. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन आणि हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट होतो. त्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो आणि चाकांना गती मिळते. जळून गेलेला तप्त वायू नंतर झडपेतून वेगाने बाहेर पडतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे करीत असेल, तर असे शंभर स्फोट दर सेकंदाला होतात. प्रत्येक स्फोटाबरोबर दाबाची एक लाट नळीतून बाहेर झेपावते. ही लाट तशीच हवेत सोडली, तर कान बधिर होतील. म्हणून त्या वायूला एका डब्यातून फिरवून बाहेर सोडतात. डब्यातील कप्प्यांत आणि छिद्रे पाडलेल्या नळ्यांत दाबाच्या लाटा एकमेकींवर आदळून क्षीण होतात. काही सायलेन्सरांत नळीभोवती काचतंतूंचा थर असतो. तो ध्वनीची ऊर्जा शोषून घेतो. अमेरिकेतील रीव्ह्‌ज बंधूंनी इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट १८९७ मध्ये मिळविले. म्हणजे मोटार रस्त्यावर आली, तेव्हाच तिचा आवाज आवरण्याची गरज माणसाने ओळखली होती. मोटारीचा प्रचार होण्यासाठी तिचे चालणे जितके आवश्यक होते, तितकेच तिचे इतरांना सुसह्य होणेही आवश्यक होते.

मग हा उपयुक्त भाग बदलण्याची इच्छा का होते? हौशी वाहनधारकांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. त्यांचे पहिले म्हणणे असे की, मूळ सायलेन्सरमुळे वायूचा मार्ग अडतो, इंजिनावर मागून दाब येतो आणि शक्ती वाया जाते. मोकळा सायलेन्सर बसविला की इंजिन मोकळा श्वास घेते. हे म्हणणे पूर्णतः खोटे नाही. शर्यतीच्या मोटारींत त्याचा उपयोग होतो. तेथे इंजिन सतत अत्युच्च गतीने फिरत असते आणि सायलेन्सरबरोबरच हवा आत घेण्याचा मार्ग, झडपा, इंधनाचे प्रमाण हे सारेच बदललेले असते. रोजच्या वापरातील मोटारीचा केवळ मागचा डबा बदलला, तर मिळणारी वाढ बहुधा नाममात्र असते, आणि तीही इंजिन खूप वेगाने फिरत असतानाच. उलट नळी गरजेपेक्षा रुंद झाली, तर कमी गतीत वायूचा ओघ मंदावतो आणि ओढण्याची ताकद घटू शकते. सॉल्ट लेकच्या वस्तीत थोड्या थोड्या अंतरावर वर्तुळाकार चौक आहेत. अशा रस्त्यांवर ती नाममात्र वाढ वापरण्याची संधी तरी कोठे मिळणार? मोठा आवाज ऐकून चालकाला मोटार अधिक वेगवान वाटते, एवढेच बहुतेक वेळा खरे असते. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मोटारीलाही लागू पडते.

काही जण याहून पुढे जातात. ते सायलेन्सरबरोबर त्याच्या पुढे असलेला उत्प्रेरक परिवर्तकही काढून टाकतात. या भागात कार्बन मोनॉक्साईड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साईडे यांचे तुलनेने कमी घातक वायूंत रूपांतर होते. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून संपूर्ण देशात भारत स्टेज सहा ही उत्सर्जनाची कडक मानके लागू झाली. त्यासाठी मोटार उत्पादकांनी आणि पर्यायाने प्रत्येक ग्राहकाने मोठा खर्च सोसला आहे. तो भाग उपटून काढणे म्हणजे स्वतःच पैसे देऊन घेतलेली स्वच्छ हवा फेकून देणे होय.

दुसरे म्हणणे आनंदाचे आहे. इंजिनाचा घनगंभीर नाद अनेकांना संगीतासारखा वाटतो. यंत्राविषयीचे प्रेम ही निंद्य गोष्ट नाही. ज्याला आपल्या मोटारीचा प्रत्येक भाग ओळखता येतो, तो तिची निगाही उत्तम राखतो. परंतु संगीत आणि गोंगाट यांतील भेद नादापेक्षा श्रोत्याच्या संमतीत अधिक असतो. मैफलीला श्रोता आपण होऊन येतो आणि नको वाटल्यास उठून जातो. रात्री दीड वाजता तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या वृद्धाने या मैफलीचे तिकीट काढलेले नसते आणि त्याला उठून जायला जागाही नसते. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, असे आपण म्हणतो. आपल्या मोटारीचा तो नाद आणि दुसऱ्याच्या मोटारीची ती कटकट, असा न्याय येथेही चालतो.

या आनंदाची किंमत आकड्यांत मोजता येते. आवाजाचे मापन डेसिबल या एककात करतात. हे माप साध्या बेरजेचे नसल्यामुळे अनेकांची फसगत होते. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दहापट वाढ आणि वीस डेसिबलची वाढ म्हणजे शंभरपट वाढ. भारतात नव्या प्रवासी मोटारीची चाचणी घेताना साडेसात मीटर अंतरावर तिचा आवाज ७४ डेसिबलपेक्षा अधिक असून चालत नाही. आता समजा, सायलेन्सर बदलल्यामुळे तिचा आवाज ९४ डेसिबल झाला. वीस हा आकडा लहान दिसतो. परंतु त्याचा अर्थ असा की, मूळ सायलेन्सर असलेल्या शंभर मोटारी एकाच वेळी त्या ठिकाणाहून गेल्या असत्या, तर जेवढी ध्वनिऊर्जा निर्माण झाली असती, तेवढी या एका मोटारीने निर्माण केली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. या हिशेबाने तीस मीटरवरील खिडकीपाशी तो अजूनही ८२ डेसिबल भरेल. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ही मर्यादा त्या परिसरातील एकूण आवाजाच्या सरासरीची आहे, हे खरे. पण झोपमोड सरासरीने होत नाही, ती एका कडकडाटाने होते.

झोपमोड ही क्षुल्लक बाब आहे, असे कोणी समजू नये. रस्त्यावरील वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलपेक्षा आणि रात्रीचा ४५ डेसिबलपेक्षा कमी असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केली. त्यामागील कारणांत हृदयविकाराचा आणि निद्रानाशाचा समावेश आहे. माणूस पूर्ण जागा झाला नाही, तरी आवाजाने त्याच्या हृदयाची गती वाढते आणि गाढ झोप उथळ होते. सकाळी त्याला कारण सांगता येत नाही, केवळ थकवा जाणवतो. परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, पहाटेच्या पाळीला जाणारी परिचारिका, दिवसभर कष्ट करून रात्री जेमतेम सहा तास झोपणारा मजूर यांचे हे नुकसान कोणत्याही वहीत नोंदले जात नाही. ज्याचे घर रस्त्याला लागून आहे, खिडकीला जाड काच नाही आणि उन्हाळ्यात ती उघडी ठेवल्यावाचून गत्यंतर नाही, त्याला हा त्रास सर्वांत अधिक होतो. म्हणजे हौस एकाची आणि दंड भरणारा दुसराच, तोही बहुधा अधिक गरीब.

आता कायद्याकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार, बाहेर पडणाऱ्या वायूचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक मोटार वाहनाला असलाच पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा हाच कडक अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही वाढल्या. आवाजाच्या मानकाचा भंग करून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि वाहन चालविण्याचा परवाना तीन महिन्यांसाठी गमवावा लागतो. मालकाने नियमबाह्य बदल केल्यास त्याच्यासाठी स्वतंत्र शिक्षा सांगितली आहे.

कोलकात्याला तर या बाबतीत मोठी परंपरा आहे. १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी ध्वनिक्षेपकांच्या वापरावर निर्बंध घालणारे आदेश दिले. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न ऐकण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत आहे, हा विचार त्यामागे होता. पुढे फटाक्यांच्या आवाजासाठी पश्चिम बंगालने ९० डेसिबलची मर्यादा अनेक वर्षे पाळली. देशात अन्यत्र ती १२५ डेसिबल होती. २०२३ मध्ये मात्र ती तेथेही १२५ करण्यात आली. महाराष्ट्रातही डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ध्वनिप्रदूषणाविरुद्ध याचिका करून या लढ्याचा पाया घातला. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात शांततेने जगण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. 'मोटार माझी, पैसा माझा, मग तुम्ही कोण विचारणार?' या प्रश्नाचे उत्तर या निर्णयात आहे. मोटार तुमची आहे, पण हवेतून जाणारा ध्वनी तुमच्या मालकीच्या हद्दीत थांबत नाही. जी गोष्ट दुसऱ्याच्या घरात शिरते, ती केवळ आपली खाजगी बाब राहत नाही.

यावर आणखी दोन आक्षेप घेतले जातात. मोठ्या आवाजामुळे इतरांना वाहन येत असल्याचे कळते आणि अपघात टळतात, हा त्यांतील एक. परंतु सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि धोका बहुधा समोर असतो. शिवाय सूचना देण्यासाठी किती आवाज पुरेसा आहे, याचाही विचार झालेला आहे. विद्युत मोटारी फारच शांत चालतात, म्हणून युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून अशा नव्या प्रकारच्या वाहनांना कमी वेगात ध्वनी करणारे यंत्र सक्तीचे केले. पादचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या त्या ध्वनीलाही ७५ डेसिबलची कमाल मर्यादा आहे. सुरक्षिततेला गर्जनेची आवश्यकता नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शहरात कर्णे आहेत, मिरवणुकीतील डीजे आहेत, ट्रकचे भोंगे आहेत, मग नेमका आमचाच सायलेन्सर डोळ्यांवर का येतो? या प्रश्नात तथ्य आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत अनेकदा झळकली. ती पाहून समाधान वाटते, परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. पकडला जातो तो बहुधा दुचाकीवरचा मुलगा. महागड्या मोटारीतून तितकाच आवाज करीत जाणाऱ्याला अडविण्याचे धैर्य यंत्रणेने तितक्याच तत्परतेने दाखविले पाहिजे. तसेच, जी वस्तू रस्त्यावर वापरता येत नाही, ती दुकानात राजरोस मांडलेली का असावी? २०१९ च्या दुरुस्तीने वाहन उत्पादक, आयातदार आणि विक्रेते यांच्यासाठीही नियमबाह्य बदलांबद्दल कडक शिक्षा सांगितली आहे. कारवाई उगमाशी झाली, तर रस्त्यावरचे निम्मे काम वाचेल. तथापि, दुसरा चोर मोकळा आहे म्हणून आपली चोरी क्षम्य ठरत नाही. अन्यायाविरुद्धची मागणी 'सर्वांना पकडा' अशी असावी, 'मलाही सोडा' अशी नसावी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सायलेन्सर बदलणे हेच मुळी वाईट, असे मला म्हणावयाचे नाही. कोलकात्याच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत पत्रा गंजतो, डब्याला भोके पडतात, आतील कप्पे सुटतात. असा सायलेन्सर वेळेवर बदललाच पाहिजे, कारण फुटका सायलेन्सरही तितकाच उपद्रवी असतो आणि त्यातून गळणारा विषारी वायू मोटारीत शिरण्याचा धोका असतो. मूळ मानकाइतका आवाज राखणारा आणि वाहनाला योग्य असा नवा भाग बसविणे ही दुरुस्ती आहे. आवाज वाढविण्यासाठीच धडधाकट भाग काढणे ही दुरुस्ती नव्हे. ज्याला यंत्राच्या शक्तीची खरी आवड आहे, त्याने ती शर्यतीसाठी राखून ठेवलेल्या बंदिस्त मार्गावर जरूर भागवावी. चेन्नई आणि कोइमतूर येथे असे मार्ग आहेत. तेथे प्रेक्षक आवाज ऐकण्यासाठीच आलेले असतात.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण दिवसा गॅरेजमध्ये काम करून रात्री या पुस्तकाचा अभ्यास करीत असतील. एखादा ग्राहक महागडा सायलेन्सर घेऊन येईल आणि तो बसवून द्यायला सांगेल. मजुरीही चांगली देईल. नाही म्हटले, तर तो शेजारच्या गॅरेजमध्ये जाईल, हे तुम्हाला ठाऊक असते. उपदेश करणे सोपे आहे, आलेले काम परत पाठविणे कठीण आहे. तरीही कारागीर या नात्याने तुमच्या शब्दाला जे वजन आहे, ते कायद्याच्या पुस्तकालाही नाही. ताकद फारशी वाढणार नाही, वॉरंटी धोक्यात येईल, विम्याचा दावा करताना अडचण येऊ शकेल आणि परवानाही जाईल, हे त्या ग्राहकाला पोलिसाच्या तोंडून ऐकण्यापूर्वी तुमच्याकडून ऐकता आले, तर त्याचे हितच होईल. जाणकार कारागिराने सांगितलेले सत्य पुष्कळांना पटते. ज्याला पटणार नाही, त्याचे काम नाकारण्यात तुमच्या कसबाचा मान आहे.

सॉल्ट लेकची भूमी दलदलीतून घडविण्यासाठी हजारो हातांनी वर्षानुवर्षे श्रम केले आणि त्या श्रमांतून एक शांत वस्ती उभी राहिली. ती शांतता मोडायला एका मोटारीचे काही सेकंद पुरतात. नगर आखताना रस्ते, उद्याने आणि घरे कागदावर काढता येतात, शेजारधर्म मात्र काढता येत नाही. तो रहिवाशांनीच पाळावा लागतो. शेजाऱ्याच्या दाराशी केर टाकू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकविले जाते. त्याच्या खिडकीशी आवाज टाकू नये, हेही त्याच शिकवणीत येते. मोटार कोणाची मोठी आहे, हे आवाजावरून ठरत नाही. मध्यरात्री वस्तीतून जाताना जो कोणाचीही झोप न मोडता पुढे जातो, तोच खरा जाणता वाहनधारक होय.